मंत्रचळ आणि खात्रीची भूक

आज ज्याला सर्रास ओसीडी म्हणतात, त्याला मराठीत एक जुना शब्द आहे: मंत्रचळ. जपाचा उच्चार चुकला, अनुष्ठानात काही राहून गेले, की माणसाला चळ लागतो, अशी त्यामागची समजूत. आजाराचे कारण म्हणून ती टाकाऊ आहे. आजाराचे अंतरंग मात्र त्या शब्दाने बरोबर हेरले, कारण त्याच्या मुळाशी ‘काही चुकले तर नाही ना’ हाच एक प्रश्न असतो. पुस्तकांत ‘कल्पना-क्रिया अनिवार्यता’ असे भारदस्त नाव सापडते. रुग्णाच्या घरात ते कोणी उच्चारत नाही. घरात म्हणतात, “हिला पाण्याचं खूळ लागलंय” किंवा “हा फार शंका काढतो.”

रात्रीची गॅसची शेगडी घेऊ. ओटा पुसून झाला, दिवा मालवला, अंथरुणाला पाठ टेकली आणि शंका आली: रेग्युलेटर बंद केला का? उठून पाहिले, बंद होता. इथवर तुमचे-आमचे सारखेच. मंत्रचळ असलेली बाई पुन्हा आडवी होते तेव्हा शंका रूप पालटून येते: पाहिला खरा, पण लक्ष देऊन पाहिला का? दुसऱ्या खेपेला ती बटणावर बोट ठेवून पाहते. तिसऱ्या खेपेला मोठ्याने ‘बंद, बंद, बंद’ म्हणते, आणि शेवटचा ‘बंद’ म्हणताना मनात काही अभद्र आले म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मग मोबाइलवर फोटो काढते. अंथरुणात तो पाहताना वाटते, हा कालचा तर नव्हे? नवरा कूस बदलत म्हणतो, “अगं, बंद आहे, मी पाहिलाय.” त्यावर पाच मिनिटे बरी जातात.

त्या पाच मिनिटांतच आजाराचे इंधन आहे. अनाहूत विचार येतो, भीती चढते, भीती शमवायला कृती घडते आणि सुटका मिळते. प्रत्येक सुटकेबरोबर मेंदू एक चुकीचा धडा गिरवतो: संकट खरे होते, आणि ते तपासल्यामुळेच टळले. पुढच्या वेळी शंका अधिक जोराने येते. नेदरलंड्समधील मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हा आजार नसलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी संगणकाच्या पडद्यावरची गॅसची शेगडी पुन्हा पुन्हा तपासायला लावली. विद्यार्थ्यांना शेगडीची स्थिती बरोबर आठवत होती, पण ती आठवण पुसट झाली आणि तिच्यावरचा त्यांचा विश्वास घटला. म्हणजे वारंवार तपासल्याने स्मरण बिघडत नाही, स्मरणावरचा भरवसा बिघडतो. खात्री मिळवण्याचा हा मार्गच खात्री खाऊन टाकतो, आणि ज्यांना कोणताही आजार नाही त्यांच्याही बाबतीत तसेच घडते.

मग फरक पडतो कुठे? स्टॅन्ली रॅकमन आणि मूळचे श्रीलंकेचे पद्मल डिसिल्व्हा यांनी १९७८ मध्ये सर्वसामान्य माणसांनाच विचारले, तुमच्या मनात नकोसे, विचित्र विचार येतात का? बहुसंख्यांनी होकार दिला. चालत्या लोकलपुढे उडी मारावी, हातातल्या सुरीने समोरच्याला भोसकावे, देवघरात समई लावताना अश्लील काहीतरी आठवावे: असा कचरा बहुतेकांच्या मनात येतो आणि वाहून जातो. पॉल साल्कोव्हस्किस यांनी १९८५ मध्ये यावर जी मांडणी केली ती आजही टिकून आहे. विचार बहुतेक सर्वांनाच येतात. रुग्ण त्या विचाराची जबाबदारी अंगावर घेतो. ‘हे माझ्या मनात आलेच कसे? म्हणजे मी तसा आहे.’ पुढचे सगळे या एका निष्कर्षातून उपजते.

ही गोष्ट नीट न कळल्याने सर्वांत जास्त होरपळतात त्या बाळंतिणी. बाळ हातातून टाकले जाईल, किंवा आपणच त्याला इजा करू, असे चित्र डोळ्यांपुढे येते आणि आई सुऱ्या कपाटात कुलूपबंद करते, बाळाला अंघोळ घालायला सासूला सांगते. कोणाला काही बोलत नाही, कारण बोलले तर मूल काढून घेतील ही धास्ती. तो विचार तिला किळसवाणा वाटतो, तिच्या स्वभावाच्या नेमका विरुद्ध असतो. म्हणूनच तो तिला छळतो. आवाज ऐकू येणे, बाळात काही अघटित शक्ती शिरली आहे अशी पक्की खात्री वाटणे ही वेगळी आणि तातडीची अवस्था असते. दोन्हींतला भेद मानसोपचारतज्ज्ञाला चांगला कळतो. घरच्यांना तो कळेलच असे नाही, आणि अनेकदा त्या बाईला स्वतःलाही नाही.

आपल्याकडे आणखी एक घोळ आहे. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात दिवसातून पाच वेळा अंघोळ करणारी बाई वर्षानुवर्षे ‘कडक सोवळ्याची’ म्हणून खपून जाते. धर्माचारातले शुद्धीकरण एका ठिकाणी संपते. पळीभर पाणी शिंपडले की काम झाले, पुढे कोणी विचारत नाही. आजारातली शुद्धी संपतच नाही; तिला ‘झाले’ ही खूण सापडत नाही. साबणाने चिरलेले हात आणि बाहेर ताटकळणारी माणसे दिसत असूनही दिसत नाहीत, कारण वर नियमाचे पांघरूण असते. उलट टोकाला, टेबलावरच्या वस्तू काटकोनात लावणारा कोणीही आज हसत ‘मी जरा ओसीडी आहे’ म्हणतो. त्याला त्या शिस्तीत सुख मिळते. रुग्णाला कशातच सुख नसते.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या प्रौढांत या आजाराचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. आकडा लहान दिसतो; लाखभर वस्तीच्या तालुक्याच्या गावात त्याचा अर्थ काही शे माणसे. आजार बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो, आणि उपचार सुरू व्हायला बरीच वर्षे जातात. मेंदूत कपाळामागचा भाग, खोलवरची गाठ आणि थॅलॅमस यांना जोडणारे एक वर्तुळ जरुरीपेक्षा जास्त चालते, असे मेंदूच्या प्रतिमांवरून दिसते. लुईस बॅक्स्टर यांच्या १९९२ च्या अभ्यासात औषधाने सुधारलेल्या आणि केवळ वर्तनोपचाराने सुधारलेल्या, अशा दोन्ही रुग्णांच्या मेंदूतील याच खोलवरच्या भागाच्या कार्यात सारखाच बदल दिसला. ‘हा मनाचा रोग की मेंदूचा’ या वादात म्हणूनच मला फारसा अर्थ दिसत नाही.

वर्तनोपचाराचे श्रेय लंडनच्या व्हिक्टर मेयर यांना जाते. १९६६ साली त्यांनी दोन रुग्णांना त्यांच्या भीतीला सामोरे नेले आणि त्यांचे विधी करू दिले नाहीत. आज त्याला ईआरपी म्हणतात. रुग्ण आणि उपचारक मिळून भीतीची शिडी बनवतात. पहिली पायरी, चपलेच्या पट्ट्याला बोट लावणे आणि दहा मिनिटे हात न धुणे. वरच्या पायऱ्यांवर लोकलचा दांडा, सार्वजनिक नळ आणि शेवटी तसल्याच हाताने भाकरी. भीती चढते, छाती धडधडते, अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप उतरू लागते. एखाद्या दिवशी नाही उतरली तरी न धुता दिवस निभतो, हे कळते. शिकायचे असते ते एवढेच: शंका तशीच ठेवूनही जेवता येते, झोपता येते. हे ऐकायला सोपे, करायला भयंकर. म्हणून जाणकाराशिवाय आणि घाईने करू नये.

औषधांत फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, फ्लुवोक्सामिन यांसारख्या गोळ्या पहिल्यांदा वापरतात. क्लोमिप्रामिन हे जुने औषधही परिणामकारक आहे, पण त्याचे दुष्परिणाम जास्त. नैराश्याच्या मानाने इथे मात्रा अधिक लागते आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे पुष्कळ. त्या एकदम बंद केल्या की आजार उसळतो.

घरच्यांचा भाग मात्र सर्वांत अवघड. मघाचा नवरा आठवा. ‘बंद आहे’ हे त्याचे वाक्य मायेचे आहे, आणि आजाराच्या दृष्टीने ते एका फेरीचे भाडे भरते. काही घरांत वडील ऑफिसातून आल्यावर दारातच कपडे बदलतात, भावंडे ठरावीक स्टीलचीच भांडी वापरतात, आई एकच उत्तर वीस वेळा देते. रागाने हे तोडले तर घराचे रणांगण होते. रुग्णाशी बसून आधी ठरवावे लागते: आजपासून प्रश्न एकदाच, उत्तर एकदाच. दुसऱ्यांदा विचारले की म्हणायचे, “हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे. मी उत्तर देत नाही, पण तुझ्याजवळ बसते.” आणि खरोखर बसायचे. पहिला आठवडा फार वाईट जातो.

अमेरिकी मानसोपचार संघटनेने मनोविकारांच्या निदानाच्या २०१३ च्या पुस्तिकेत ओसीडीला चिंताविकारांतून बाहेर काढून स्वतंत्र प्रकरण दिले आणि त्याची भावंडे शेजारी बसवली. नाक वाकडे आहे या ध्यासाने तासन्‌तास आरशापुढे उभी राहणारी मुले आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लॅस्टिक सर्जनकडे जातात, आणि शस्त्रक्रियेनंतरही त्यांचे समाधान सहसा होत नाही. केस उपटणे आणि त्वचा खरवडणे यांत भीतीपेक्षा अनावर ओढ असते, म्हणून तिथे वेगळी पद्धत लागते: हात डोक्याकडे निघाला हे ओळखायचे आणि मूठ आवळून धरायची. साठवणुकीचा विकार या सगळ्यांत चिवट, कारण रद्दीचे गठ्ठे साठवणाऱ्याला त्यात बहुधा काही चुकते आहे असे वाटतच नाही.

कुठून सुरुवात करावी हे न कळणाऱ्याला टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. मराठीतही बोलता येते. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये याच आजाराचा स्वतंत्र दवाखाना आहे. उपचारानंतरही परीक्षा, बाळंतपण, नोकरीतली बदली अशा वेळी आजार डोके वर काढतो, आणि बरेचदा वेश बदलून येतो. दोन वर्षांपूर्वी हात धुणारा मुलगा आता नोकरीचा अर्ज चौदा वेळा वाचतो, सबमिटच्या बटणावर बोट ठेवून बसतो, आणि आईला हाक मारतो, “जरा बघतेस का, काही चुकलं नाही ना?”