बीड जिल्ह्यातील पागा आणि वादळवारे

बालाघाटाच्या कुशीतील आपल्या बीड जिल्ह्याचा पुष्कळसा इतिहास घोड्यांच्या टापांखाली घडला, असे म्हणण्यास हरकत नाही. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. निजाम गोदावरी उतरून पलीकडे गेला होता. मागे राहिलेल्या सैन्यास भरलेल्या नदीमुळे त्याची मदत पोहोचली नाही. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर तेथेच पडला. हे यश तलवारीचे खरेच. परंतु त्यात पावसाळ्याचाही वाटा होता, हे आपण बहुधा विसरतो.

पुढे अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. हे स्वार शिलेदार असत; घोडा सरकारी नसे. तो दगावला की दुसरा उभा करण्याचा भार स्वारावर व त्यांच्या सामाईक फंडावर पडे. १९०३ साली कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले. त्यातूनच निघालेल्या डेक्कन हॉर्स रिसाल्याने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणधुमाळीत हाय वुडवर घोड्यांनिशी हल्ला चढविला. पहिल्या महायुद्धानंतर शिलेदारी मोडली. मग घरोघरच्या पागांस टांगा, लग्नाची वरात आणि माळेगावच्या खंडोबाची यात्रा एवढेच आधार उरले.

अशीच एक पागा आमच्या परिचयाच्या एका ज्ञातिबांधवाच्या घरी आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर जी भयंकर गारपीट झाली, तिच्यात ही पागा सापडली. दुपारी आभाळ काळवंडताच घरच्या वृद्ध मातोश्रींनी मुलांस हाक दिली, "आधी पिछाडी सोडा, मग दावी!" अगाडी-पिछाडीत जखडलेले जनावर भेदरले म्हणजे स्वतःचेच पाय मोडून घेते, हे त्या माउलीस ठाऊक होते. दोघा भावांनी पाचही घोडी जुन्या माळवदाच्या ओसरीत नेऊन कोंडली. शेवटची गाभण घोडी उंबरठ्याशी अडून बसली. तिच्या डोळ्यांवर धोतर टाकून तिला आत घ्यावे लागले. इतक्यात पत्र्याचे छप्पर लाकडी वाशांसकट उडाले व दोन शेतांपलीकडे जाऊन पडले. कडब्याची गंज भिजून काळी पडली. जनावर मात्र एकही गेले नाही.

लोक त्यास चक्रीवादळ म्हणाले. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते. वावटळ तापलेल्या जमिनीवरून धूळ घेऊन वर चढते. आणि गारपिटीच्या वेळचा सोसाट्याचा वारा गडगडाटी ढगातून खाली आदळून चहूकडे पसरतो. तो वळचणीखालून शिरला की पत्रा वर उचलला जातो. ढगातून सोंडेप्रमाणे लोंबणारी भोवऱ्याची वादळे निराळीच. ती आपल्याकडे विरळा. या सर्वांस एकच नाव देण्याची वर्तमानपत्री सवय आम्हांस रुचत नाही.

माळवद जड, म्हणून वाऱ्यास दाद देत नाही. तथापि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात याच जड मातीच्या छपरांखाली व दगडी भिंतींखाली शेजारच्या लातूर-उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गाडली गेली. तेव्हापासून अनेकांनी हलके पत्रे पसंत केले. म्हणजे भूकंपाचे औषध वादळास अपाय करते! बांधणाराने करावे तरी काय?

पंचनाम्यास आलेल्या मंडळींनी हरभरा आणि ज्वारी लिहून घेतली. पागेसाठी रकाना नव्हता. अखेर एक घोडी विकावी लागली. कोणती, यावरून भावाभावांत आठ दिवस अबोला होता. गाभण घोडी विकली असती तर अधिक रक्कम आली असती. मातोश्रींनी ती विकू दिली नाही. नवी पागा पूर्वीपेक्षा ठेंगणी बांधली आहे. लोखंडी खांब काँक्रीटमध्ये गाडले असून पत्रे आकड्याच्या बोल्टांनी आवळले आहेत, आणि पश्चिमेची बाजू, जिकडून त्या दिवशी वारा आला, पक्की बंद केली आहे. माळवदाची ओसरी मात्र पाडलेली नाही. तेथे सध्या कडबा असतो, व दार आतून अडवावयाचा अडसर नवा केला आहे.