आगीशी झुंजताना : आत कधी जावे, बाहेर कधी पडावे?

मुंबईतील काळबादेवी येथील 'गोकुळ निवास' या जुन्या इमारतीला ९ मे २०१५ रोजी आग लागली. ती विझविण्याचे काम सुरू असतानाच इमारत कोसळली. ढिगाऱ्याखाली सापडून संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी मृत्युमुखी पडले. गंभीररीत्या भाजलेले उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांचेही पुढे उपचारांदरम्यान निधन झाले. एकाच आगीत मुंबई अग्निशमन दलाने आपल्या प्रमुखासह चार अनुभवी अधिकारी गमावले.

या अधिकाऱ्यांकडे अनुभवाची वा धैर्याची वाण नव्हती. तरीही हे घडले, यातच या पेशाचे मर्म आहे. अग्निशमनातील सर्वांत कठीण निर्णय पाणी कोठे मारावे हा नसून, जवानांनी आत कधी जावे आणि बाहेर कधी पडावे, हा असतो.

पहिली पाहणी

बंब घटनास्थळी पोहोचताच त्या तुकडीच्या अधिकाऱ्याला काही क्षणांत अनेक प्रश्नांची उत्तरे शोधावी लागतात. आत माणसे अडकली आहेत काय? आग कोणत्या मजल्यावर आहे आणि कोणत्या दिशेने पसरते आहे? इमारत कशाची बांधलेली आहे? आत गॅस सिलिंडर, रसायने किंवा कापडाचा साठा आहे काय? वीजपुरवठा खंडित झाला आहे काय? शक्य असेल तेथे अधिकारी इमारतीला चारही बाजूंनी फेरी मारतो. कारण दर्शनी भाग शांत दिसत असताना मागील बाजू पेटलेली असू शकते.

या पाहणीवरून लढ्याची पद्धत ठरते. पहिली पद्धत चढाईची. जवान होज घेऊन आत शिरतात, अडकलेल्यांना बाहेर काढतात आणि आगीच्या मुळावर पाणी मारतात. दुसरी बचावाची. यात सर्वांना बाहेर ठेवून शिडीवरून किंवा दुरून पाण्याचा मारा केला जातो आणि शेजारच्या इमारती वाचविल्या जातात. तत्त्व सोपे आहे : वाचविता येण्याजोग्या जिवासाठी मोठा धोका पत्करावा, मालमत्तेसाठी मोजकाच पत्करावा आणि जे आधीच नष्ट झाले आहे त्यासाठी अजिबात पत्करू नये. मात्र परिस्थिती दर मिनिटाला पालटत असल्याने हा हिशेब पुन:पुन्हा मांडावा लागतो.

धुराची भाषा

अनुभवी जवान ज्वाळांपेक्षा धुराकडे अधिक लक्ष देतो. धुराचा रंग, दाटपणा, वेग आणि तो कोठून बाहेर पडतो, यावरून आतील स्थितीचा अंदाज बांधता येतो. बंद खोलीत तापलेला धूर छताखाली साचतो. हा धूर म्हणजे न जळलेले इंधनच असते. त्या थराचे तापमान साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसवर गेले, की खोलीतील सर्व ज्वलनशील वस्तू जवळपास एकाच वेळी पेट घेतात. यास 'फ्लॅशओव्हर' म्हणतात. अशा खोलीत संपूर्ण संरक्षक पोशाख घातलेला जवानही काही सेकंदांपलीकडे तग धरू शकत नाही.

याउलट 'बॅकड्राफ्ट'मध्ये प्राणवायू संपल्याने आग मंदावलेली असते. बाहेरून ती विझल्यासारखी भासते. पण दार उघडताच ताजी हवा आत शिरते आणि स्फोटासारखा भडका उडतो. म्हणून दार उघडणे हाही एक डावपेचच आहे. दार तापले आहे काय, फटींतून धूर आत ओढला जातो आहे काय, हे पाहूनच आणि पाण्याने भरलेला होज हाती असतानाच ते उघडायचे असते. आत गेल्यावरही पाण्याचा बेसुमार वापर घातक ठरतो. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते आणि बंदिस्त जागेत ही वाफ जवानांनाच भाजून काढते.

इमारत किती वेळ टिकेल?

दक्षिण मुंबईतील अनेक जुन्या इमारती लाकडी सांगाड्याच्या आहेत. जाड तुळई एकदम कोसळत नाही. लाकूड मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर या गतीने कोळपत जाते. पण सांधे, भिंतीत रोवलेली टोके आणि नंतर चढविलेले वाढीव बांधकाम हे तिचे दुबळे दुवे असतात. लोखंडाचा भरवसाही मर्यादितच. साडेपाचशे ते सहाशे अंशांच्या आसपास पोलादाची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. तेहरानमधील 'प्लास्को' ही १७ मजली इमारत १९ जानेवारी २०१७ रोजी आग लागल्यावर कोसळली, तेव्हा १६ अग्निशामक जवानांचा बळी गेला.

त्यात पाण्याच्या वजनाची भर पडते. मिनिटाला ५०० लिटर पाणी सोडणारा एक होज दर दोन मिनिटांना एक टन भार इमारतीत ओततो आणि कापडाचे गठ्ठे ते पाणी शोषून आणखी जड होतात. भिंतीला फुगवटा येणे, नव्या भेगा, सतत पडणारा गिलावा, तुळयांची करकर, तिरक्या झालेल्या चौकटी ही धोक्याची लक्षणे होत. ती दिसताच माघार घ्यावी आणि इमारतीच्या उंचीच्या किमान दीडपट अंतरापर्यंत कोणास थांबू देऊ नये, असा संकेत आहे. पंधरा मीटर उंचीच्या इमारतीसाठी हे अंतर साडेबावीस मीटर होते. ज्या गल्लीची रुंदीच त्याहून कितीतरी कमी असते, तेथे हा नियम पाळायचा तरी कसा, हा मुंबईपुढील खरा प्रश्न आहे.

हवेचा हिशेब

पाठीवरील सहा लिटरच्या नळकांड्यात ३०० बार दाबाने सुमारे १,८०० लिटर हवा मावते. मिनिटाला ४० लिटर हवा लागते असे धरल्यास ती ४५ मिनिटे पुरावी. प्रत्यक्षात जिने चढताना आणि माणूस खांद्यावर घेताना श्वास वाढतो आणि हा अवधी बराच घटतो. हवा संपत आल्यावर वाजणारी शिट्टी ही निघण्याची वेळ नव्हे. त्या वेळेपर्यंत जवान बाहेर पोहोचलेला असावा, अशी शिस्त आहे. म्हणूनच प्रवेशद्वाराशी एक जण आत गेलेल्यांची नावे, वेळ आणि हवेचा दाब फलकावर नोंदवितो. एकट्याने आत जायचे नाही, जोडीदाराला सोडायचे नाही आणि माघारीची खूण होताच सर्वांनी बाहेर येऊन हजेरी द्यायची, हे नियम यातूनच आले. जवान निश्चल पडल्यास सुमारे अर्ध्या मिनिटात आपोआप वाजू लागणारे उपकरणही आता उपलब्ध आहे.

माघारीचेही शिक्षण

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरात आहे. होज अंथरणे, शिडी चढणे यांसारख्या कवायतींइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे धुरात, अंधारात वाट शोधत परत येण्याचा सराव. आज्ञा मिळताच हातचे काम टाकून निघणे हे धाडसी माणसाला सर्वांत अवघड जाते. म्हणूनच ती सवय अंगी मुरवावी लागते.

धोका आग विझल्यावरही संपत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशामकाच्या व्यवसायाला कर्करोगकारक गटात स्थान दिले. निखारे उपसतानाही मुखवटा न काढणे आणि काजळी लागलेला पोशाख वेळेवर धुणे, हेदेखील सुरक्षिततेचेच भाग आहेत.

नागरिकांच्या हाती काय?

मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी 'फोर्ट स्टायकिन' या जहाजावर आग लागली. त्यात कापसाच्या गाठींसोबत स्फोटकेही होती. आग विझविण्यासाठी धावलेले ६६ अग्निशामक स्फोटात मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो.

आत काय साठविले आहे, हे आजही रहिवाशांनाच आणि दुकानदारांनाच ठाऊक असते. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलैमध्ये देणे ही मालक किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. जिने मोकळे ठेवणे, गल्लीत बंबाची वाट न अडविणे आणि १०१ क्रमांकावर नेमका पत्ता सांगणे, एवढे तर प्रत्येकाला जमण्याजोगे आहे.

याहून महत्त्वाची आहे ती बाहेर पडलेल्या रहिवाशांची शिरगणती. घटनास्थळी येणारा अधिकारी प्रथम विचारतो, 'आत कोणी राहिले आहे का?' सोसायटीतील कोणी एकाने खात्रीने 'सगळे बाहेर आहेत' असे सांगितले, तर कदाचित एकाही जवानाला त्या धुरात शिरावे लागणार नाही.