फाईल कोणाची, मागणारा कोण : प्रस्तावना

आपल्याच पैशाने घेतलेली हार्ड डिस्क, तिच्यात आपल्याच लग्नाचे फोटो, आणि ते उघडायला जावे तर पडद्यावर ‘ॲक्सेस डिनाइड’! बहुतेकांची या विषयाशी पहिली ओळख अशी भांडणातूनच होते. मग शेजारचा कोणी जाणकार येतो, राइट क्लिक करतो, ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन टाकतो, फोटो उघडतात, चहा होतो आणि प्रकरण मिटते. प्रस्तुत अभ्यास सुरू होतो तो या चहानंतर. नकार नेमका कोणाला मिळाला होता? खुर्चीत बसलेल्या माणसाला, तो ज्या अकाउंटमधून आत आला त्या अकाउंटला, की त्या अकाउंटच्या नावावर काम करणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅमला? संगणक माणसाला ओळखतच नाही. तो क्रमांक ओळखतो आणि क्रमांकाच्या वतीने चाललेला प्रोग्रॅम ओळखतो. माणूस आणि त्याचा क्रमांक यांची फारकत झाली की घरातल्या अडचणी सुरू होतात.

सर्वांत नेहमीचा प्रसंग जरा जवळून पाहू. जुना संगणक बंद पडला, म्हणून त्याची डिस्क काढून नव्याला जोडली. अकाउंटचे नाव तेच ठेवले, पासवर्डही तोच. तरी जुने फोल्डर उघडत नाही. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन सिक्युरिटी टॅब उघडावा, तर यादीत ‘अकाउंट अननोन’ असे लिहिलेले आणि त्यापुढे ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी अंकांची लांबलचक माळ. हेच ते जुने मालक, म्हणजे आपणच. विंडोज प्रत्येक अकाउंटला असा एक ओळख-क्रमांक देते. त्यातले मधले तीन मोठे आकडे त्या त्या इन्स्टॉलेशनच्या वेळी तयार होतात, आणि शेवटचा आकडा अकाउंटचा असतो, घरच्या संगणकावर सहसा हजाराच्या आसपासचा. फाईलीवर नोंदलेला असतो तो हा क्रमांक. नाव केवळ आपल्याला वाचता यावे म्हणून दाखवतात. विंडोज नव्याने टाकली की क्रमांकही नवा, मग नाव आणि पासवर्ड कितीही तेच असोत.

गंमत अशी की ॲडमिनिस्ट्रेटर गटाचा क्रमांक मात्र सगळ्या विंडोजवर एकच आहे : एस-१-५-३२-५४४. वापरकर्त्याच्या जुन्या फोल्डरच्या यादीत हा गट बहुधा असतोच. म्हणून ‘तुम्हाला परवानगी नाही’ असे सांगणाऱ्या चौकटीतच ‘कंटिन्यू’चे बटण असते. ते दाबले की त्या गटाच्या अधिकाराच्या जोरावर तुमचा नवा क्रमांक यादीत कायमचा घातला जातो. ‘कायमचा’ हे त्या चौकटीत स्पष्ट लिहिलेले असते, वाचतो कोण? फोटो हजारोंनी असले तर हे काम बराच वेळ चालते, कारण नोंद एकेका फाईलीवर करायची असते. मध्येच कंटाळून खिडकी बंद केली की अर्धे फोटो उघडतात, अर्धे उघडत नाहीत, आणि शेजारच्या जाणकाराला पुन्हा बोलावणे जाते.

ही सगळी व्यवस्था घरासाठी झालीच नव्हती. तिचा जन्म एका यंत्रावर अनेक माणसे काम करत होती त्या काळातला. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच यंत्राचा वेळ अनेकांत वाटून द्यायचा, तर प्रत्येकाच्या फाईली वेगळ्या ठेवणे आले आणि पासवर्डही आले. तिथेच एकदा असा घोटाळा झाला की लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सर्वांच्या पासवर्डांची यादी छापून मिळू लागली. कारण क्षुल्लक वाटावे असे होते. एका डिरेक्टरीत एका वेळी एकच माणूस संपादन करणार हे गृहीत धरून एडिटर आपल्या तात्पुरत्या फाईलीला ठरावीक नाव देत असे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी बसले, एकाने सूचना उघडली, दुसऱ्याने पासवर्डांची फाईल, आणि दोन्हींची अदलाबदल झाली. कोर्बातोंनी ही हकीकत पुढे आपल्या ट्युरिंग व्याख्यानात सांगितली. माणसे दोन, अकाउंट एक, हा प्रकार आपल्या घरांत आजही सर्रास चालतो.

युनिक्सची कथा याहून घरगुती आहे. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ती उभी केली. १९७१ च्या उत्तरार्धात त्यांच्या यंत्रावर पेटंट विभागाच्या तीन टंकलेखिका दिवसभर अर्ज टाइप करत आणि शास्त्रज्ञ त्याच यंत्रावर आपले प्रयोग करत. डिस्क अर्ध्या मेगाबाइटची. अशा दाटीत एकाच्या चुकीने दुसऱ्याचे काम बुडू नये, एवढीच गरज होती. म्हणून तेव्हाच्या नोंदी अगदी आटोपशीर : मालकाने वाचावे का, लिहावे का, इतरांनी वाचावे का, लिहावे का. गट ही तिसरी पायरी मागाहून आली. आज लिनक्सवर जे ७५५ किंवा ६४४ आपण पाहतो (वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालवण्याचा एक, अशी बेरीज) ते या काटकसरीचेच वंशज आहे.

रिचींची त्या काळातली एक युक्ती मला या सबंध क्षेत्रातली सर्वांत सुंदर वाटते. पासवर्डांची फाईल कोणालाही बदलता येऊ नये, पण स्वतःचा पासवर्ड मात्र प्रत्येकाला बदलता यावा, हे कसे साधायचे? त्यांनी प्रोग्रॅमच्या फाईलीवर एक खूण ठेवली : हा प्रोग्रॅम चालवणारा कोणी का असेना, चालताना याला याच्या मालकाचे अधिकार मिळतील. ‘सेटयूआयडी’ नावाने ती ओळखली जाते आणि १९७९ साली तिला पेटंटही मिळाले. माणसाऐवजी प्रोग्रॅमवर विश्वास टाकण्याची ही सुरुवात. पुढची कित्येक सुरक्षा-संकटेही याच दाराने आत आली, हे ओघानेच आले.

सिद्धान्ताचे म्हणाल तर दोन नावे इथेच सांगून ठेवतो, बाकीची यथावकाश भेटतील. बटलर लॅम्पसन यांनी १९७१ साली सगळा विषय एका तक्त्यात बसवला : आडव्या ओळी मागणाऱ्यांच्या, उभे स्तंभ वस्तूंचे, आणि प्रत्येक चौकोनात त्या मागणाऱ्याला त्या वस्तूवर काय करता येईल ते. तक्ता स्तंभ धरून साठवला तर विंडोजसारखी प्रत्येक फाईलीला चिकटलेली यादी मिळते. ओळ धरून साठवला तर मागणाऱ्याच्या हातातल्या परवान्यांची जुडी मिळते. १९७५ साली जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी संरक्षणाची आठ तत्त्वे मांडली. त्यांतले ‘कमीत कमी अधिकार’ हे तत्त्व सगळे उद्धृत करतात. शेवटचे मात्र फारसे कोणी वाचत नाही. सामान्य वापरकर्त्याला सहज, सवयीने आणि बरोबर वापरता येईल अशीच यंत्रणा हवी, असे ते सांगते. विंडोजचा सिक्युरिटी टॅब, त्याआडचे ‘ॲडव्हान्स्ड’, त्याआडचे इन्हेरिटन्स आणि ‘डिनाय’चे खाने पाहिले की साल्टझर-श्रोडर यांचे स्मरण होऊन वाईट वाटते.

घरात ही यंत्रणा उशिरा शिरली. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये फाईलीला मालक नव्हताच. यादी सांभाळणारी एनटीएफएस ही फाईल-प्रणाली १९९३ सालच्या विंडोज एनटीबरोबर कचेऱ्यांत आली आणि २००१ च्या एक्सपीने घराघरांत पोचवली. पण एक्सपीने घरातल्या पहिल्या माणसाला सरळ ॲडमिनिस्ट्रेटर केले, आणि एकदा सगळ्यांना सगळे करण्याची सवय लागली ती लागलीच. २००७ साली व्हिस्टाने ती मोडायला घेतली, ती ‘परवानगी द्यायची का?’ असे विचारणाऱ्या चौकटीने. लोकांनी तिला शिव्या घातल्या. पण त्या चौकटीमागची कल्पना समजून घेण्यासारखी आहे. ॲडमिनिस्ट्रेटर लॉगिन करतो तेव्हा विंडोज त्याला दोन ओळखपत्रे तयार करून देते, एक साधे आणि एक पूर्ण अधिकाराचे. रोजचे काम साध्यावर चालते. ‘मी ॲडमिन असून मला का अडवतोय?’ या प्रश्नाचे उत्तर हेच की त्या क्षणी तुम्ही साधे आहात.

मालकी आणि परवानगी या दोन गोष्टींची गल्लत सर्वाधिक होते. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही जागा कठीण जाऊ नये. युनिक्समध्ये एखाद्या फाईलीची परवानगी ०४४ केली तर इतर सगळे ती वाचू शकतात आणि मालक वाचू शकत नाही, कारण आधी ‘मालक आहे का’ हे पाहिले जाते, तिथे शून्य सापडते आणि तपास तिथेच थांबतो. मात्र ते शून्य बदलण्याचा हक्क मालकाचाच असतो. याहून चकवणारी गोष्ट म्हणजे फाईल पुसण्याचा अधिकार फाईलीवर नसतोच, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर असतो. जी फाईल वाचताही येत नाही ती पुसता मात्र येते, हे प्रथम पाहणाऱ्याला खोटे वाटते.

‘सगळ्यांना सगळे’ हा उपाय वाईट का, याचे नीतिपाठ पुष्कळांनी दिले आहेत. मला त्यातला यांत्रिक भाग अधिक रंजक वाटतो. लिनक्सवर वैतागून मूळ डिरेक्टरीपासून खालपर्यंत ७७७ लावणारे असतात. त्याने दारे उघडतील ही अपेक्षा. प्रत्यक्षात ॲडमिनच्या अधिकाराने आदेश चालवून देणारे ‘सुडो’ चालायचेच थांबते, कारण त्याच्या फाईलीवरची रिचींची ती खूण या आदेशाने पुसली जाते. दूरच्या यंत्रात लॉगिन करून देणारे एसएसएच आपली खासगी किल्ली वापरायला नकार देते, कारण ती आता सर्वांना वाचता येते. मोकळीक दिल्याने घरधनीच बाहेर राहतो.

आज घरच्या संगणकावर खरा परका असतो तो प्रोग्रॅम. तुमच्या नावाने चाललेला कोणताही प्रोग्रॅम तुमची कोणतीही फाईल बदलू शकतो. खंडणीखोर व्हायरसना ॲडमिनचे अधिकार लागतातच असे नाही. तुमच्या फोटोंची नासाडी करायला तुमचे अधिकार पुरतात. अँड्रॉइडने यावर युनिक्सचाच जुना क्रमांक वेगळ्या कामाला लावला : प्रत्येक ॲपला स्वतंत्र वापरकर्ता मानले. डेस्कटॉपवर हे हळूहळू येते आहे. २०१७ पासून विंडोज १० मध्ये ठरावीक फोल्डरांवर अनोळखी प्रोग्रॅमना लिहू न देण्याची सोय आहे, आणि २०१९ च्या मॅकओएस कॅटलिनापासून ॲपला ‘डॉक्युमेंट्स’मध्ये शिरण्याआधी विचारावे लागते. त्यामुळे नकाराची जी पाटी पूर्वी अकाउंटमुळे यायची ती आता कधी या पहाऱ्यामुळेही येते, आणि तेव्हा सिक्युरिटी टॅबमध्ये तासन् तास खटपट करून काही हाती लागत नाही.

परवानगी आणि कूटबद्धता यांतही असेच अंतर आहे. परवानगीची यादी ही चालू असलेल्या प्रणालीने पाळायची शिस्त आहे. डिस्क दुसऱ्या यंत्राला लावून तिथला ॲडमिनिस्ट्रेटर ती मोडू शकतो. पण फोल्डर विंडोजच्या ईएफएसने कूटबद्ध केलेले असेल, तर मालकी घेतली, यादी बदलली, तरी ‘ॲक्सेस डिनाइड’ तसेच राहते. तिथे किल्ली जुन्या अकाउंटपाशी होती. फॉरमॅट मारण्याआधी ती निर्यात करून ठेवली असेल तरच फाईली परत मिळतात.

या अभ्यासाला गणिताची तयारी लागत नाही. संगणकावर दुसरे एक अकाउंट उघडावे, एक रिकामे फोल्डर करावे, आणि त्यात बिनमोलाच्या चार फाईली टाकाव्यात. परवानगी बदलण्याआधी कोणत्या अकाउंटला काय दिसेल, काय पुसता येईल, हे कागदावर लिहावे आणि मग करून पाहावे. लिहिलेले आणि घडलेले जिथे जुळणार नाही, तिथून पुस्तकाचे पहिले प्रकरण वाचायला घ्यावे. खऱ्या फोटोंच्या फोल्डरला तूर्त हात लावू नये.