पडद्यावरील भिंतींवरचे चेहरे

जुन्या हॉलीवुड चित्रपटांत एखाद्या तरुणीची खोली दिसते. पलंग, आरसा, झिरझिरीत पडदे, आणि मेजावर एखाद्या नामांकित नटाचें छायाचित्र. पात्रें कल्पित, भिंती फळ्यांच्या व प्लास्टरच्या, खिडकीबाहेरचें शहर रंगविलेलें. त्या साऱ्या पसाऱ्यांत खरा असा तो चौकटींतला माणूसच काय तो असतो. प्रेक्षकाचें लक्ष कथेकडे असल्यामुळें तो चेहरा ओझरता दिसून जातो. परंतु तो तेथें कोणी ठेवला आणि कशासाठीं, हें पाहूं गेलें तर त्या धंद्याचा बराचसा इतिहास हातीं लागतो.

१९३० च्या सुमारास हॉलीवुडमधील बहुतेक नटनटी दीर्घ मुदतीच्या करारांनीं एकेका कंपनीशीं बांधलेलीं असत. प्रत्येक मोठ्या कंपनीचें छायाचित्रांचें स्वतंत्र खातें असे. तेथून निघालेलीं आठ इंच रुंद व दहा इंच उंच अशीं चकचकीत चित्रें वृत्तपत्रांकडे आणि चाहत्यांकडे सतत रवाना होत. सेट सजविणाऱ्यास चौकटींत बसविण्याजोगा चेहरा हवा असला म्हणजे तो घरच्याच कपाटांत मिळे. परवानगीची दगदग नाहीं, खर्च नाहीं, आणि जाहिरात मात्र आपल्याच नटाची!

१९३७ सालच्या फेब्रुवारींत मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें क्लार्क गेबल या आपल्या नटाचा छत्तिसावा वाढदिवस साजरा केला. त्या प्रसंगीं ज्यूडी गार्लंड या चौदा वर्षांच्या मुलीनें एक जुनें प्रेमगीत, रॉजर एडन्स यानें घातलेल्या नव्या भाषणासह, गाऊन दाखविलें. तें इतकें आवडलें कीं त्याच वर्षीं ‘ब्रॉडवे मेलडी ऑफ १९३८’ या बोलपटांत तें घालण्यांत आलें. त्या बोलपटांत गेबल काम करीत नाहीं. त्याचें छायाचित्र तेवढें आहे, आणि तें समोर ठेवून ती मुलगी आपलें मन मोकळें करते. कंपनीच्या दृष्टीनें हा एका नटाच्या लौकिकावर दुसरीचा लौकिक उभारण्याचा व्यवहार होता. पण त्या मुलीच्या आवाजांतली आर्तता व्यवहाराची वाटत नाहीं.

तेंच छायाचित्र साक्षीदार होऊन उभें राहिलें तें १९५० सालच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’ या बिली वाइल्डरच्या चित्रपटांत. नॉर्मा डेस्मंड ही मूकपटांच्या काळची विस्मृत नटी एका प्रचंड, ओसाड वाड्यांत राहते. तिच्या दिवाणखान्यांत मेजांवर व फडताळांवर चौकटीच चौकटी, आणि प्रत्येकींत तीच. हीं चित्रें चित्रपटासाठीं मुद्दाम काढलेलीं नव्हतीं. नॉर्मेची भूमिका करणारी ग्लोरिया स्वान्सन स्वतःच मूकपटांची राणी होती. पुढें पॅरामाउंट या नांवानें प्रसिद्ध झालेल्या कंपनींत १९१९ ते १९२६ या वर्षांत तिनें वैभव भोगलें होतें. भिंतीवर तिचें तारुण्य होतें, आणि १९४९ सालीं चित्रण चाललें तेव्हां त्या तारुण्यासमोर ती पन्नाशीची होऊन उभी होती.

वाइल्डर एवढ्यावर थांबला नाहीं. नॉर्मा रात्रीं घरांत आपला एक जुना मूकपट पाहते. तो म्हणजे ‘क्वीन केली’, स्वान्सनचा खराखुरा चित्रपट. त्याचें काम १९२९ सालीं अर्ध्यावर बंद पडलें. त्याचा दिग्दर्शक एरिक फॉन स्ट्रोहाइम. वाड्यांत त्या मूकपटाचें यंत्र चालविणारा नोकर मॅक्स आहे, आणि मॅक्सची भूमिका करणाराहि स्ट्रोहाइमच! यांत क्रौर्य नाहीं असें कोण म्हणेल? तरीहि स्वान्सननें तें पत्करलें, आणि अशा ताठ मानेनें निभावलें कीं दया दाखविण्यास जागाच ठेविली नाहीं. या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनास अकादमीचें पारितोषिक मिळालें. बाहेरून ज्याचें चित्रण झालें तो विल्शायर रस्त्यावरील खरा वाडा १९५७ सालीं पाडला गेला.

कंपन्यांच्या कचेऱ्यांतून बाहेर पडलेल्या चेहऱ्यांचा प्रवास कोठवर होई, हें ॲमस्टरडॅममध्यें दिसतें. जुलै १९४२ मध्यें ॲन फ्रँक ही तेरा वर्षांची ज्यू मुलगी कुटुंबासह प्रिन्सेनग्राख्ट २६३ येथील मागील घरांत लपली. जर्मन अंमलाखालीं ज्यूंना चित्रपटगृहाचें दार १९४१ पासूनच बंद झालें होतें. तिच्या वडिलांनीं तिचा तारकांच्या चित्रांचा संग्रह आधींच तेथें पोंचविला होता. तिनें तीं चित्रें उघड्या भिंतीवर चिकटविलीं. त्यांत ग्रेटा गार्बो होती, जिंजर रॉजर्स होती. लपलेल्यांना साहाय्य करणारा व्हिक्टर क्युग्लर दर सोमवारीं तिच्यासाठीं चित्रपटविषयक साप्ताहिक आणी. पुढें तिची आवड बदलली, आणि भिंतीवर कलाकृतींचीं चित्रें आलीं. १९४४ च्या ऑगस्टमध्यें सर्वांस पकडून नेलें. १९४५ सालीं बेर्गेन-बेल्सेनच्या छावणींत ती वारली.

१९५९ सालीं जॉर्ज स्टीव्हन्सनें तिच्या रोजनिशीवरून चित्रपट काढला. त्यासाठीं हॉलीवुडमध्यें तें लपण्याचें घर उभारण्यांत आलें, आणि तारकांचीं चित्रें आतां सजावटीचें सामान म्हणून, जेथून तीं निघालीं होतीं त्याच गांवीं परतलीं. चित्रण संपलें, सेट मोडला. ॲमस्टरडॅमचें घर १९६० च्या मे महिन्यांत लोकांस खुलें झालें. तेथील खोलींत सामान नाहीं. भिंतीवर कांचेआड गार्बो आणि जिंजर रॉजर्स मात्र अजून आहेत.