दत्तपूर आणि नाकातल्या पेशी

विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले. जवळच्या सेवाग्राम आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींची स्वतः शुश्रूषा केली. इतर लोक मात्र रुग्णाचे बसलेले नाक आणि झडलेली बोटे पाहून दूर पळत. हे नाक बसते तरी कशामुळे?

आधी नेहमीचा सायनसचा तीव्र दाह पाहू. जंतू शिरताच रक्तवाहिन्या रुंदावतात, अस्तर सुजते आणि रक्तातील न्यूट्रोफिल पेशी धावून येतात. जंतूंना मारता मारता त्याही मरतात. पू बऱ्याच अंशी त्यांचाच असतो. बहुधा काही आठवड्यांत सारे निवळते.

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हान्सेन यांना १८७३ मध्ये आढळला. तो अतिशय सावकाश वाढतो. महाभक्षी पेशी त्याला गिळतात. पण टी-पेशींची साथ नसेल तर त्याला मारू शकत नाहीत. उलट त्याच जंतूंची कोठारे बनतात. नाकाचे अस्तर, मग कूर्चा व हाड झिजते आणि नाक बसते. टी-पेशी जोमदार असतील तर जंतू थोडेच उरतात, पण त्या झटापटीत चेतातंतू होरपळतात. बधिर बोटांना नकळत जखमा होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८१ मध्ये सुचवलेला बहुऔषधोपचार जंतू मारतो. गेलेली कूर्चा परत आणत नाही. म्हणून वर्गातल्या मुलाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर शिक्षकांनी त्याला लगेच तपासणीसाठी पाठवावे.