भांडणांची मोजदाद

युद्धे का झाली, हे इतिहासाच्या पुस्तकात आपण शिकतो. ती किती वेळा झाली, हे मात्र आपण क्वचितच मोजतो. शांतता आणि संघर्ष हा आज अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासाचा विषय आहे. ब्रिटनमधील ब्रॅडफर्ड विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग १९७३ साली निघाला. या विषयाचा पाया घालणाऱ्यांत एक हवामानशास्त्रज्ञ होता, याचे आम्हा विज्ञानातल्या लोकांना विशेष अप्रूप वाटते.

ल्युईस फ्राय रिचर्डसन (१८८१-१९५३) हे शस्त्र हाती न धरणाऱ्या क्वेकर पंथाचे. पहिल्या महायुद्धात त्यांनी फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवली. हवामान खाते हवाई मंत्रालयाच्या ताब्यात गेले, तेव्हा १९२० साली त्यांनी तिथली नोकरी सोडली. पन्नाशी जवळ आली असताना त्यांनी मानसशास्त्राची पदवी घेतली आणि पुढे युद्धांच्या गणिताला वाहून घेतले.

युद्ध म्हणायचे कशाला? रिचर्डसननी मृतांच्या संख्येवरून प्रतवारी केली. हजार मृत्यू म्हणजे प्रत ३, दहा लाख म्हणजे ६. एका खुनाची प्रत शून्य!

१९४४ साली त्यांनी क्विन्सी राइट यांची यादी तपासली. १५०० ते १९३१ या ४३२ वर्षांत २९९ युद्धे सुरू झाली होती. म्हणजे वर्षाला सरासरी ०.६९. प्रत्येक वर्षी धोका सारखाच आणि मागच्या वर्षांशी असंबद्ध असेल, तर प्वासाँच्या सूत्राने काय अपेक्षित आहे? एकही नवे युद्ध नाही अशी २१६ वर्षे. प्रत्यक्षात होती २२३. एक युद्ध: अपेक्षित १५०, प्रत्यक्षात १४२. दोन: ५२ आणि ४८. तीन: १२ आणि १५. चार किंवा अधिक: २ आणि ४.

युद्धांना कारणे नसतात, असा याचा अर्थ नव्हे. रस्त्यावरच्या प्रत्येक अपघाताला कारण असते, तरी वर्षभराचे अपघात बहुधा याच सूत्रात बसतात. पण ‘दर पिढीला एक युद्ध ठरलेलेच’ या समजुतीला या आकड्यांत आधार नाही. आणि बरीच वर्षे शांततेत गेली म्हणून निर्धास्त राहण्यालाही नाही.

हा तक्ता वर्गात तासाभरात मांडता येतो. मात्र त्या तासाला गणिताच्या आणि इतिहासाच्या, दोन्ही शिक्षकांनी हजर राहावे. नवे युद्ध न पेटलेले वर्ष शांततेचेच असते का, हा प्रश्न विद्यार्थी विचारतीलच.