मनगटावरचे सूत्र

पैठणहून निघालेली एकनाथमहाराजांची पालखी अरण, करकंब अशी मजल दरमजल करीत आषाढी एकादशीपूर्वी पंढरपुरास पोहोचते. वारीच्या वाटेवरील करकंबासारख्या गावी तुळशीची माळ म्हणजे काय, हे कोणा मुलास शिकवावे लागत नाही. माळ गळ्यांत आली म्हणजे वारी आली, एकादशी आली, मद्यमांसाचा त्याग आला. लांकडाचे मणी कोणास तारीत नाहीत. त्या मण्यांबरोबर पत्करलेला नेम माणसास सांभाळतो. हा विचार येथे करण्याचे कारण असे की, हल्ली देशोदेशीच्या शाळांतून विद्यार्थ्यांच्या आत्महत्या टाळण्यासाठी मुलांच्या मनगटांवर रंगीत रबरी पट्टे बांधण्याची चाल पडली आहे. या पट्ट्यांचे मोल किती, हे ठरविण्यापूर्वी मनगटावरील सूत्राचा पूर्वेतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या समाजांत मनगटास सूत्र बांधण्याचे दोन हेतू फार जुने आहेत. पहिला गंड्याचा. मंतरलेला दोरा ज्याच्या हातांत, त्याचे रक्षण व्हावे, अशी त्यामागील श्रद्धा. दुसरा कंकणाचा. ‘कंकण बांधणे’ याचा मराठींत अर्थच मुळी प्रतिज्ञा करणे असा आहे. गंडा धारण करणाऱ्यास काही करावे लागत नाही. कंकण धारण करणाऱ्याने कार्य तडीस न्यावयाचे असते. राखीचेही तेच. बहीण सूत्र बांधते खरी, परंतु ते असते भावाच्या मनगटावर, आणि रक्षणाचा भारही त्याच्याच शिरावर. १९०५ साली वंगभंगाच्या दिवशी रवींद्रनाथ ठाकुरांनी हिंदु-मुसलमानांस परस्परांच्या हातीं राख्या बांधावयास लाविले, तेव्हा त्यांनी या सूत्राचा हाच अर्थ जागविला.

आता या रबरी पट्ट्याचे कूळ पाहू. १९९४ साली अमेरिकेतील कोलोरॅडो संस्थानांत एका तरुण विद्यार्थ्याने आत्महत्या केली. त्याच्या आप्तेष्टांनी पिवळ्या फितींबरोबर लहान पत्रके वाटली. मन खचले असेल तर साह्य मागण्यास संकोचू नका, हा त्यांचा मथितार्थ होता. फितीचे सामर्थ्य त्या पत्रकांत होते. पुढे २००४ साली कर्करोगाच्या कार्यासाठी पिवळे रबरी पट्टे निघाले, ते अतोनात लोकप्रिय झाले आणि मग प्रत्येक सत्कार्याने आपापल्या रंगाचा पट्टा काढला. या धांदलींत पट्टा राहिला आणि पत्रक गळाले, असे अनेक ठिकाणी झाले. कंकणाचा पुन्हा गंडा झाला!

परंतु साह्य माग म्हणून सांगणे सोपे. मागणाऱ्यास दार उघडे हवे. आमच्याकडे ते कित्येक पिढ्या बंद होते. १८६० च्या दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमान्वये आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा होता. ज्या दुःखाचा उच्चार केल्यास पोलीस दारी येतील, ते दुःख मूल कोणापाशी उच्चारणार? १९८६ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरविले. १९९४ त सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला, पण १९९६ त मोठ्या पीठाने तो फिरविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून अमलांत आला, अशा माणसास शिक्षा नव्हे, शुश्रूषा हवी हे तत्त्व मान्य केले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेंत ते जुने कलम राहिले नाही.

उघड्या दाराचे महत्त्व पंढरपुराने मात्र फार पूर्वी ओळखले होते. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तसेच गृह १८७५ साली पंढरपुरास तेथील न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने निघाले व मुंबईच्या प्रार्थनासमाजाने ते चालविले. लोकलज्जेने कोंडलेल्या विधवेस तोवर मरणे किंवा मारणे याखेरीज वाट दिसत नसे. या गृहाने तिला उपदेश केला नाही. दोष न देता आंत घेतले. लाज आणि मौन ही जिवावर उठतात, आणि न विचारता उघडलेले दार जीव वाचविते, हा धडा त्यांत आहे.

आजच्या शाळेस तो लागू आहे. सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ साली देशांत १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांत महाराष्ट्रातील १,७६४, म्हणजे सर्व राज्यांत अधिक. यावर केवळ पट्टा पुरेल काय? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दहा युरोपीय देशांतील १६८ शाळांचे ११,११० विद्यार्थी होते. जेथे मुलांनी स्वतः चर्चा केली, नाट्यप्रसंग वठविले, स्वतःचे व मित्राचे मन ओळखण्याचा सराव केला, तेथे वर्षभरांत आत्महत्येचे नवे प्रयत्न निम्म्याच्या जवळपास आले. केवळ शिक्षकांस शिकवून तसा लक्षणीय फरक पडला नाही. अर्थ उघड आहे: दुखावलेले मूल आधी सोबत्यापाशी बोलते, म्हणून सोबत्यास ऐकता आले पाहिजे.

तेव्हा आमचे मत असे की, करकंबच्या शाळेत पट्टे बांधावयाचे तर ते दुःखी मुलाची खूण म्हणून नव्हे, तर ऐकण्याचे व्रत घेतलेल्यांचे कंकण म्हणून बांधावे. आणि ते प्रथम शिक्षकांनी व पालकांनी बांधावे. ज्याच्या हाती ते दिसेल त्याने थट्टा करावयाची नाही, धीर सोडावयाचा नाही, मुलास एकटे टाकावयाचे नाही. आणि जिवास धोका दिसल्यास गुप्ततेचे वचन न देता जाणत्यापाशी न्यावयाचे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनिसेवा विनामूल्य चालते. तो क्रमांक पट्ट्यावर कोरलेला असावा. परीक्षेचा निकाल लागेल त्या सायंकाळी घरी परतणाऱ्या मुलास, आपले ऐकून घेणारा एक तरी हात ओळखीचा आहे, एवढे कळले तरी त्या सूत्राचे सार्थक झाले.